खातूंची फियाट पाटणला जाते

गाडी बंद पडली, तसा वहिनींनी डबा उघडला.

पोफळी मागं टाकून कुंभार्ली घाटाला लागायच्या आधी रस्त्याच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं. खातूंची फियाट बंद पडायची ती त्या झाडाखाली. फार अलीकडे नाही, फार पलीकडे नाही. एस.टी.चा विनंती थांबा असावा तशी ती तिथं थांबायची, फक्त विनंती कुणी केलेली नसायची.

"बघितलंस ना, मास्तर?" मुकुंदा दार उघडता उघडता म्हणाला. "ही डबा करते, म्हणून गाडी बंद पडते. गाडीला कळतं, आपल्यावर कुणाचा भरवसा नाही ते."

"गाडी बंद पडते, म्हणून मी डबा करते," मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या. "नाहीतर इथं रानात काय गाडीचे नट चावत बसणार आहात? भाऊजी, घावन घ्या. गार झालंय, पण मऊ आहे."

एरवी वहिनी झाडाखाली चादर अंथरायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, माणसं हौसेनं सहलीला आलीत. त्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. पाठीला दोन उशा लावून बसवलं होतं त्यांना. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि एक वाक्य बोलायला त्यांना मध्ये श्वास घ्यावा लागत होता. तरी घावन माझ्या हातात आलं ते लसणीच्या चटणीसकट आलं.

मुकुंदानं बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या नळीत मध्ये बसवलेला प्लास्टिकचा छोटा फिल्टर काढून उजेडात धरला. आत करडा गाळ गच्च बसला होता.

"परत तेच," तो म्हणाला.

मुकुंदा खातू चिपळुणात माझा शेजारी. तो पाटबंधारे खात्यात कारकून होता आणि मी शाळेत इतिहास शिकवायचो. म्हणजे दोघांनाही जे होऊन गेलंय त्याची नोंद ठेवण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण एका डॉक्टरांच्या गोठ्यात एक जुनी फियाट पडून होती, तिच्यात कोंबड्या बसायच्या, ती मुकुंदानं विकत घेतली, आणि तो घरच्या घरी मेकॅनिक झाला. मी त्याचा मदतनीस झालो. मदतनीस म्हणजे बॅटरी धरायची आणि "जरा इकडं" म्हटलं की तिकडं धरलेली इकडं धरायची.

गाडी फियाट होती असं आम्ही म्हणायचो ते जुन्या ओळखीखातर. तिच्यात अँबॅसॅडरची सीट होती, कुठल्याशा व्हॅनचा कार्बोरेटर होता आणि हॉर्न ट्रकचा होता. तो वाजला की समोरचा घाबरून बाजूला व्हायचा आणि मागाहून फियाट आलेली बघून त्याला अपमान वाटायचा. हे सगळे फेरफार मुकुंदानं स्वतः केलेले. "मूळ गाडीत दम नव्हता," तो सांगायचा. मूळ गाडीचं आता एवढंच उरलं होतं, की तिला दोष देता येत होता.

आणि ही गाडी चिपळुणात उत्तम चालायची. मंडईत, गोवळकोटला, परशुरामाच्या चढावर, कुठंही. मुकुंदानं कार्बोरेटर खोलावा, धुवावा, बसवावा, आणि आम्ही दोघांनी तिला परशुरामापर्यंत पळवून आणावी. काही तक्रार नाही. पण वहिनींना घेऊन पाटणला निघालं, की आंब्याच्या झाडाखाली संपलं.

"सवत आहे ती," वहिनी म्हणायच्या. "तुम्ही दोघं असलात की खिदळते. मी बसले की रुसते."

पाटण वहिनींचं माहेर. घाट चढून कोयनेच्या काठाकाठानं गेलं की आलंच. गाडी घेतली त्या साली मुकुंदानं सासऱ्यांना छाती काढून सांगितलं होतं, "आता तुमची लेक एस.टी.नं यायची नाही. स्वतःच्या गाडीनं येईल." सासऱ्यांनी गावभर सांगितलं. पुढच्या दिवाळीत वहिनी एस.टी.नं उतरल्या. वहिनींच्या भावजयीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वहिनींच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत विचारलं, "गाडी मागनं येतीय जणू?"

एवढंच. पण वहिनी घरी परत आल्या त्या ठरवून, की आता पाटणला जायचं ते गाडीनं, नाहीतर नाही. त्यांना स्वतःचा अपमान पचला असता, नवऱ्याचा पचला नाही. वडील वारले तेव्हा मुकुंदा त्यांना रात्रीतून कुणाच्या तरी जीपमधून घेऊन गेला. ते जाणं त्यांनी मोजलं नाही. "ते काय माहेरपण होतं?" म्हणायच्या.

असे आम्ही किती वेळा निघालो आणि किती वेळा आंब्याखाली जेवलो, त्याचा हिशेब त्या झाडालाच ठाऊक. गाळ काढून गाडी चालू झाली, तरी पुढं घाटात घालायची मुकुंदाची छाती व्हायची नाही, आणि आम्ही तिथूनच मागं फिरायचो. दर वेळी निघायच्या सकाळी वहिनी गाडीची पूजा करायच्या. पूजेचं आणि मुकुंदाचं वाकडं. एकदा त्यांनी पुढं लिंबू-मिरची बांधली, तर यानं भर रस्त्यात काढून फेकली. "ही गाडी पेट्रोलवर चालते, कोशिंबिरीवर नाही!" मी मोठ्यानं हसलो होतो. मीही त्याच पंथाचा. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारा. तेव्हापासून पूजा चालू झाली, की आम्ही दोघं ओटीवर चहा घेत बसायचो आणि आतबाहेर करणाऱ्या त्या बाईवर कोट्या करायचो. वहिनी चारी चाकांना हळदकुंकू लावायच्या, बॉनेटला लावायच्या, आणि मागं जाऊन पेट्रोलच्या झाकणालाही लावायच्या.

"तिथं कशाला गं?" मुकुंदानं एकदा विचारलं.

"जिथनं तिला खायला घालता, तिथं नको?"



तर तो करडा गाळ. आधी तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जातं त्या सुईएवढ्या भोकात, बसायचा. मुकुंदानं पहिला ठपका पेट्रोलवर ठेवला. पंप बदलला. गाळ तोच. मग टाकीला गंज लागला म्हणाला. मी एकदा भीत भीत म्हटलं, "गंज तांबडा असतो ना रे? हा करडा दिसतोय."

"तू इतिहास बघ," तो म्हणाला.

त्यानं टाकी उतरवली, आत खडी टाकून गदागदा हलवली, धुतली, उन्हात वाळवली. पुन्हा गाळ. शेवटी नळीत फिल्टर बसवला. मग जेट तुंबायचा थांबला आणि फिल्टर तुंबायला लागला. मुकुंदाला आनंद झाला. "म्हणजे प्रगती आहे, मास्तर. रोग अंगाबाहेर आला!"

त्या उन्हाळ्यात रोग खरोखरच बाहेर आला, पण वहिनींचा. हृदय थकलं होतं. डॉक्टर मुकुंदाला बाहेर घेऊन म्हणाले, "त्यांना कुठं जायची इच्छा असेल, तर आत्ता नेऊन आणा. पुढं सांगता येत नाही." मुकुंदानं त्याच दिवशी भाड्याची जीप ठरवली. वहिनींनी कुशीवर वळून भिंतीकडं तोंड केलं.

"भाड्याच्या गाडीतनंच जायचं, तर एस.टी.नं काय वाईट केलं होतं?"

"इंदू, हट्ट करू नकोस. मला गाडीचा भरवसा वाटत नाही."

"मला वाटतो ना," त्या म्हणाल्या. "बस्स."

म्हणून आम्ही निघालो होतो. मुकुंदानं गाडीचा स्क्रू आणि स्क्रू तपासला होता, फिल्टर कोरा घातला होता. आणि आम्ही आंब्याखाली उभे होतो.

मुकुंदानं फिल्टर फुंकून साफ केला, नळी जोडली, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. वहिनींनी डबा मिटला. घाटाची पहिली वळणं आम्ही कशी चढलो, मी सांगू शकत नाही. तिघंही श्वास धरून बसलो होतो, आणि त्यातल्या एकीला तो परवडत नव्हता. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

झाडाखालून ती पुढं कधी गेली नव्हती, आणि एकदा साफ केल्यावर लगेच दुसऱ्यांदा कधी बंद पडली नव्हती.

"असं कसं?" वहिनी पुटपुटल्या. "या खेपेला तर मी दुप्पट—"

"दुप्पट काय?" मुकुंदा काचेतून आत वाकला.

"काही नाही. दुप्पट घावनं केलीत, म्हटलं. संपवा."

पण त्यांच्या ओठांचा रंग बदलला होता. मुकुंदानं फिल्टर हातात तसाच धरून रस्त्यात उभं राहून एक भाजीचा टेंपो अडवला. टेंपो खाली चिपळूणला चालला होता. वहिनींना ड्रायव्हरशेजारी बसवलं, त्यांच्या बाजूला मी. मुकुंदाला गाडीपाशी थांबणं भाग होतं. घाटात सोडणार कशी? त्यानं टेंपोच्या दाराला हात लावला.  तो वळला आणि फियाटकडं बघून म्हणाला, "हिला आज मोडीतच घालतो, थांब."

"तिला बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "तिचा काही दोष नाही." थोडा श्वास घेऊन म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जाईल बघा."

पावसाळा लागायच्या आत वहिनी गेल्या.

दिवसकार्य झालं. अस्थी सगळ्यांच्या नेतात तिथंच नेल्या, पण मुकुंदानं त्यातल्या थोड्या एका तांब्यात घालून, वर फडकं बांधून देवळीत ठेवल्या होत्या. हा माणूस श्राद्ध-पिंडाला हसणारा.  एक दिवस बघतो, तर अंगणात टाकी उतरवलेली. पुन्हा खडी, पुन्हा धुणं. मी बॅटरी धरली. त्यानं "जरा इकडं" म्हटलं नाही.

पाऊस उघडल्यावर म्हणाला, "मास्तर, उद्या पाटणला येतोस? नदीत सोडून येऊ."

"जीप सांगू?"

"गाडीनंच जायचं होतं तिला."

सकाळी निघालो. चाकांना कुंकू नव्हतं, की बरोबर डबा नव्हता. तांब्या मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये. अलोरे गेलं, पोफळी गेली. आंब्याचं झाड दिसायला लागलं, तशी मुकुंदानं आपोआप गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. पण गाडी बंद पडली नाही. इंजिन एका सुरात गुरगुरत होतं. झाड काचेतून मागं गेलं. मग तो टेंपो अडवला ते वळण गेलं. मुकुंदा मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता, डॉक्टर छाती ऐकतात तसा. वळणामागून वळण, वळणामागून वळण, फियाट शेळीसारखी टुणटुण घाट चढली आणि माथ्यावर आली.

तिथं त्यानं स्वतः गाडी थांबवली. उतरला. पुढं जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आज चाललीस?" तो म्हणाला. "आज होय गं?"

आणि टायरला एक लाथ मारली. मग दुसरी मारली नाही. बॉनेटवर दोन्ही हात टेकून, खाली मान घालून बराच वेळ उभा राहिला. मी गाडीतच बसून राहिलो. तांब्याकडं बघवेना, म्हणून समोर बघत होतो आणि समोर मुकुंदा होता.

पाटणला वहिनींचे धाकटे भाऊ विनायक शेटे रस्त्यापर्यंत आले होते. बाजारात किराण्याचं दुकान, तोंडात पान. त्यांनी गाडी पाहिली, तिच्याभोवती एक चक्कर मारली, आणि डोळ्याला रुमाल लावला. घरी भावजय दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. कुणावरून ओवाळायचा ते तिला कळेना. शेवटी तिनं तो गाडीवरून ओवाळून टाकला आणि भिंतीला तोंड लावून रडली.

"आली बया गाडीनं," एवढंच म्हणाली.

कोयनेला पाणी भरपूर होतं. मुकुंदा गुडघाभर पाण्यात उतरला, तांब्या उपडा केला, तांब्याही सोडून दिला. जेवणं झाली, जेवणं म्हणजे पानावर बसणं झालं. भावजयीनं निघताना दशम्यांचा डबा बळंच माझ्या मांडीवर ठेवला. मुकुंदा गाडीत बसला. किल्ली फिरवणार, एवढ्यात विनायकराव कागदाची पुडी उलगडत गाडीच्या मागच्या बाजूला चालले.

मी डोकं बाहेर काढलं. "काय हवंय, विनायकराव?"

"काही न्हाई, जरा पेट्रोलचं झाकण उघडतो."

"कशाला?"

"अंगारा टाकायचा हाय. आमच्या देवीचा."

मुकुंदा खाली उतरला. मीही उतरलो. विनायकराव दोघांकडं बघून ओशाळले. चिमटीतला अंगारा चिमटीतच राहिला. करडा होता, पिठासारखा मऊ.

"टाकीत?" मुकुंदानं विचारलं.

"अक्का टाकायची न्हवं दर वक्ताला. तुम्ही हिकडं यायला निघालासा, की आधी मला सांगावा यायचा. मग मी चिपळूणच्या गाडीच्या कंडक्टरजवळ पुडी धाडायचो. कपाळाला लावला तर दाजी पुसून टाकतील, म्हणायची, गाडीला बांधला तर फेकून देतील. टाकीत घातला म्हंजे कोण बघतंय? घाट सुखरूप चढू दे एवढंच तिचं मागणं." ते थांबले. "शेवटच्या खेपेला दोन पुड्या मागवल्या होत्या. म्हणाली, विनू, ह्या बारीला दुप्पट घालते, ह्या बारीला येतेच."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

मला सगळा हिशेब लागला होता. आमची चिपळुणातली खिदळणारी गाडी, माहेरच्या वाटेवर रुसणारी गाडी, झाकणावरचं कुंकू, प्रत्येक वेळी नवा फिल्टर आणि प्रत्येक वेळी तोच गाळ. मुकुंदाकडं बघायचं धाडस झालं नाही. त्याला तर माझ्या आधी लागला असणार. त्याच्या बोटांनी तो गाळ वर्षानुवर्षं पुसला होता, पँटला.

"मला का नाही बोलली?" तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही, नुसतं.

विनायकराव अजून काही समजले नव्हते. "तुम्ही हसता न्हवं दाजी ह्याला," ते भाबडेपणानं म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तुमास्नी पटत नसंल तर न्हाई टाकत." आणि ते पुडी मिटायला लागले.

मला वाटलं, सुटलो.

"टाका," मुकुंदा म्हणाला.

"मुकुंदा," मी हळूच म्हटलं, "अरे, घाट आहे पुढं."

"माहीत आहे मला." त्यानं स्वतः मागं जाऊन झाकण उघडलं, आणि ते हातात धरून बाजूला उभा राहिला. "टाका विनायकराव. चिमूट नको. सगळी पुडी टाका."

विनायकरावांनी पुडी टाकीत झटकली, झाकणाला हात लावून डोळे मिटले. त्यांना फार बरं वाटलं. मेहुण्यानं आज पहिल्यांदाच त्यांच्या देवीचा मान ठेवला होता.

परतीच्या वाटेला लागलो. कोयना डाव्या हाताला येत होती, जात होती. मी देवाला मानत नाही. पण त्या संध्याकाळी मी काय मागत होतो, गाडी चालू दे की बंद पडू दे, हे माझं मला ठरवता येत नव्हतं. घाटमाथा जवळ आला. खाली कोकणावर उन्हं कलली होती. आणि तिथं गाडीनं एक आचका दिला, थोडी रखडली, दुसरा दिला आणि गप्प झाली.

मुकुंदानं तिला उतरणीच्या अलीकडंच कडेला घेतली. हातब्रेक लावला. एरवी या क्षणी तो गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, घरी उशिरा आलेल्या माणसासाठी दार उघडताना असतो तसा भाव होता.

उतरून त्यानं बॉनेट उघडलं. फिल्टर काढला. उजेडात धरला. करडा, गच्च.

मी सवयीनं म्हटलं, "फुंक."

त्यानं फुंकला नाही. तळहातावर उपडा धरून हलकेच आपटला. पेट्रोलनं ओला झालेला चिमूटभर गाळ त्याच्या तळव्यावर पडला. तो वाळेपर्यंत मुकुंदा वाऱ्याकडं पाठ करून, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून थांबला. मग बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं. थोडा उरला होता. माझ्याकडं वळला. मी चष्मा काढला आणि मान पुढं केली.

पेट्रोलचा वास येत होता त्याला.

फिल्टर बसवून किल्ली फिरवायला कितीसा वेळ लागतो! पण मुकुंदानं तो बॉनेटच्या कडेवर ठेवून दिला आणि कडेच्या कठड्यावर जाऊन बसला.

"मास्तर, घरी काही घाई नाही ना तुला?"

"नाही."

"मग डबा उघड."